बाबांची पद्मिनी कागदावर उतरवताना

बाबांच्या पंचाहत्तरीला त्यांची जुनी प्रीमियर पद्मिनी रेखाटून द्यायचं ठरवलं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, पांढरी, गिअर स्टिअरिंगलाच. १९९२ साली विकली तेव्हा बाबा दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते.

तीन कागद फाडले. दिवे, जाळी सगळं जागच्या जागी, तरी गाडी ओळखीची वाटेना. चूक फोटोत होती. गिरगावात चाळीसमोर अगदी जवळून काढलेला, त्यामुळे बॉनेट फुगलेलं आणि मागची बाजू आखडलेली. मग फोटोवरून मापं घेणं सोडलं. पद्मिनीच्या पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर २३४० मिलिमीटर, म्हणजे साधारण चार टायरच्या उंचीएवढं. टायरच माप धरून गाडी बाजूने नव्याने आखली आणि बघता बघता ती आमची झाली! क्रोमसाठी मात्र करडा रंग लावू नका. तिथे कागद कोरा ठेवायचा आणि कडेला ६बी पेन्सिलीची गडद रेघ ओढायची, लगेच चमक येते.

बाबांनी चष्मा पुसला, मागच्या दारावर बोट ठेवलं. "अगं, इथला पोचा राहिला की!"

तो त्यांच्या शेजारी बसूनच काढला.