‘चांगली बघून आण’ऐवजी चिठ्ठीत काय लिहायचं

‘भेंडी आण, चांगली बघून.’ ऐकायला एक काम, पण ऑटिस्टिक (स्वमग्न) माणसाला त्यात पाच प्रश्न दिसतात. किती? चांगली म्हणजे कशी? केवढ्यापर्यंत? कुणाकडून? आणि नसलीच तर? इतरांचा हात सवयीनं ढिगाकडे जातो, ‘बरी वाटली, घेतली’. ऑटिझम असलेल्या अनेकांना या ‘वाटण्या’चा भरवसा नसतो, ते एकेक प्रश्न सुटा करून सोडवतात. संध्याकाळी सांगलीच्या शिवाजी मंडईत, ओरडा आणि हॉर्न चालू असताना, हे किती दमवत असेल बघा.

यात बुद्धीची उणीव नाही. २००८ साली लंडनमध्ये झालेल्या प्रयोगात ५० पौंडांतले ‘२० ठेवा’ किंवा ‘३० गमवा’ असा एकच व्यवहार दोन वेगळ्या शब्दांत मांडला होता, आणि तो घ्यायचा की जुगार खेळायचा ते ठरवायचं होतं. शब्द बदलले की इतरांचा कौल जास्त बदलला, ऑटिस्टिक लोकांचा कमी. पण २०१२ च्या एका ब्रिटिश अभ्यासात ऑटिस्टिक प्रौढांनी स्वतःच सांगितलं, की पटकन ठरवायचं असेल, ठरलेला क्रम मोडत असेल किंवा त्यासाठी कुणाशी बोलावं लागत असेल तर निर्णय जड जातो. मंडईत या तिन्ही गोष्टी एकदम येतात. म्हणून ठरवायचं ते घरी, बसून, आधी.

चिठ्ठी अशी लिहा: ‘भेंडी पाव किलो. करंगळीएवढी. शेंडा वाकवला की कट्‌कन मोडायला हवा. किलोला ८० रुपयांच्या वर सांगितली तर घ्यायची नाही. मग गवार पाव किलो. गवार नसेल तर बटाटे अर्धा किलो. बटाटेही नसतील तर काही न घेता घरी.’ भाव त्या आठवड्याचा घाला. शेंडे दोनच मोडून बघायचे, हेही लिहा. तिसऱ्याला भाजीवाल्या मावशी ओरडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. शक्यतो मावशीही ठरलेल्या असाव्यात.

चिठ्ठी फसते ती बहुतेक शेवटच्या ओळीपाशी. ‘नसेल तर फोन कर’ लिहिलं की गोंगाटात फोन, त्यावर नवा प्रश्न, आणि माणूस जागीच थिजतो. पर्याय दोन पुरेत. त्यानंतर ‘घरी ये’ हवंच. रिकाम्या पिशवीवरून मग कुणी बोलायचं नाही. एकदा बोललात, की पुढच्या चिठ्ठीवरचा विश्वास गेला.

प्रवासालाही हाच साचा. सांगलीहून मिरजेला जायचं तर: पहिली बस, बसायला जागा असेल तर. नसेल तर दुसरी, उभं राहून का होईना. वीस मिनिटांत दोन्ही जमलं नाही तर रिक्षा, पैसे वेगळ्या कप्प्यात ठेवलेले.

घरात विचारतानाही शब्द बदला. ‘काय खाणार?’ यापेक्षा ‘पोहे की उपमा? दहा मिनिटांत सांगितलं नाही तर पोहे.’ विचारून झालं की गप्प बसा. उत्तर येत नाही म्हणून तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला, तर आतली जुळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ‘लवकर सांग’नं तर ती बंदच पडते. कामावरून आल्यावर अर्धा तास काहीच विचारू नका.

आपल्याकडचा आग्रह हा वेगळाच पेच. पाहुणा ‘नको, नको’ म्हणतो आणि त्याला चहा हवा असतो. हे ‘नको’ खरं की रीतीचं, ते ओळखत बसायचं नाही: दोनदा विचारायचं, दुसरं उत्तर पक्कं. पाहुणा चहाविना गेला तरी चालेल.

ठरवायच्या आधी शरीराची चौकशी घड्याळावर करा. भूक, तहान, लघवीची जाणीव कित्येकांना उशिरा किंवा अंधुक होते, आणि मग नुसतं ‘काहीच सुचत नाही’ एवढंच कळतं. शेवटचं खाणं चार तासांपूर्वीचं असेल तर आधी खायचं, पाणी प्यायचं, पंख्याचा नाहीतर टीव्हीचा आवाज बंद करायचा. निर्णय नंतर.

मोठ्या खरेदीला पर्यायांना गुण देऊन तुलनेचा तक्ता करतात. चांगलंच आहे, पण रकाने चारच ठेवा. पाचवा आला की सहावा येतो आणि तक्ता महिनाभर चालतो. गुण सारखे पडले तर यादीत वर असेल ते. निर्णय झाला की खाली तारीख आणि एका ओळीत कारण लिहायचं. रात्री मन पुन्हा उकरायला लागलं तर ती ओळ वाचायची. नवी माहिती असेल तरच विषय उघडायचा. दोनशे रुपयांच्या आतल्या वस्तूला तक्ता नाहीच.

एक गोष्ट मात्र चिठ्ठीनं सुटणारी नाही. पूर्वी जमणारी कामं काही आठवड्यांत थांबली, माणूस घास हातात धरून किंवा दारात पाय अडकल्यासारखा बराच वेळ थबकू लागला, बोलणं कमी झालं, तर तो आळस किंवा हट्ट समजू नका. हा कॅटॅटोनिया, म्हणजे हालचाल आणि बोलणं गोठवणारा विकार, असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना असा एक थबकण्याचा प्रसंग मोबाइलवर चित्रित करून न्या. तपासणीच्या खोलीत तो दिसेलच असं नाही.