उत्तरेच्या समुद्रातले प्राणीप्लवक मोजताना या चुका टाळा

नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरचा काँग्सफ्योर्ड (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधली अरुंद खाडी) भारताच्या हिमाद्री संशोधन केंद्राच्या दारातच आहे. तिथल्या प्राणीप्लवकांचे, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक प्राण्यांचे, जुलै-ऑगस्टचे तक्ते चाळताना पहिला संशय येतो तो फूटपट्टीचा. कॅलॅनस म्हणजे कोळंबीचे दूरचे, बारीक नातलग; त्यातला अटलांटिकचा कॅलॅनस फिनमार्किकस आणि आर्क्टिकचा कॅलॅनस ग्लेशियालिस ओळखायची जुनी रीत अशी: पाचव्या कोपेपोडाइट अवस्थेत (प्रौढ होण्याच्या एक पायरी आधी) प्रोसोम (शरीराचा पुढचा रुंद भाग) साधारण 2.9 मिमीच्या वर असेल तर ग्लेशियालिस, खाली असेल तर फिनमार्किकस. झटपट काम, म्हणून नवशिक्यांची लाडकी. पण दोन्ही जातींच्या लांब्या एकमेकींत घुसतात. नॉर्वेच्या फ्योर्डांत लहान चणीचे ग्लेशियालिस याच पट्टीने फिनमार्किकस ठरत होते. जनुकीय खुणा तपासल्या तेव्हा, 2017च्या सुमारास, बिंग फुटलं. अशा तक्त्यावरून ‘अटलांटिकचं पाणी आत शिरलं’ म्हणणं म्हणजे पट्टीची चूक समुद्राच्या माथी मारणं. म्हणून प्रत्येक ठिकाणचे 40-50 नग 96 टक्के इथेनॉलमध्ये वेगळे ठेवा आणि 24 तासांनी इथेनॉल बदला. फॉर्मॅलिनमधल्या नगांवर जनुकीय तपासणीची भिस्त ठेवू नका. तपासणी होईपर्यंत ‘कॅलॅनस, जात अनिश्चित’ लिहा. त्यात कसली लाज?

दुसरी खोड जाळ्याच्या आसेची, म्हणजे छिद्राच्या मापाची. 200 मायक्रॉनच्या आसेतून ऑइथोना सिमिलिस ही कॅलॅनसहून खूप लहान जात आणि नॉप्लियस (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) सरळ निसटतात, मग ‘उन्हाळ्यात कॅलॅनसचंच राज्य’ असा अहवाल निघतो. बारक्यांसाठी 63 मायक्रॉनचं जाळं वेगळं ओढा. ते लवकर तुंबतं, म्हणून ओढ लहान ठेवा आणि जाळ्यातून गेलेलं पाणी मोजणारा फ्लोमीटर लावाच. 57 सेंमी तोंडाचं जाळं 100 मीटर सरळ वर आलं तर सुमारे 25 घनमीटर पाणी गाळलं जायला हवं. फ्लोमीटर बराच कमी दाखवत असेल तर जाळं तुंबलंय. ‘तोंडाचं क्षेत्रफळ गुणिले खोली’ करून मोकळे होऊ नका. जाळं सोडताना मीटर उलटा फिरू नये याचीही सोय हवी.

दोर 45 अंश कलला असेल तर 100 मीटर दोराला खोली जेमतेम 71 मीटर. कोन मोजायचा कंटाळा महागात पडतो.

ऑगस्टमध्ये फक्त वरचे 50 मीटर ओढून ‘प्लवक घटले’ लिहू नका. चरबी साठवलेले कॅलॅनस तोवर खाली उतरू लागलेले असतात. बंद होणारी जाळी वापरून थरवार ओढा, तळाजवळचा थर धरून.

नमुने टिकवायला फॉर्मॅलिन 4 टक्के, आम्लता मारायला बोरॅक्स घातलेलं. नाहीतर लिमासिना या पोहणाऱ्या गोगलगायीचे शंख विरघळतात.

चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका. झाकणावरचा मार्कर इथेनॉलच्या एका ओघळात पुसला जातो.