कॉफी सोडायचीये? आधी चमचा बघा

इंदूरला भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या पोरांमध्ये आणि विजयनगरच्या आयटीवाल्यांमध्ये हे नेहमी दिसतं, सोमवारी जाहीर करायचं की आजपासून कॉफी बंद, मंगळवारी दुपारी डोकं असं ठणकतं की काही सुचत नाही आणि बुधवारी मग परत हातात. वरून म्हणायचं, मला कॉफी लागतेच, माझं शरीरच तसं आहे. तसं काही नाहीये हो, फक्त सोडायची पद्धत चुकते.

होतं काय, मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं एक द्रव्य दिवसभर साठत जातं, त्याने सुस्ती येते, झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं म्हणून तरतरी वाटते. रोज रोज प्यायलं की मेंदू त्या जागा वाढवतो, आणि एक दिवस अचानक कॅफीन आलंच नाही की अ‍ॅडिनोसिनला सगळं रान मोकळं, डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं धरतं. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत हे सुरू होतं, पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट, आणि आठ-नऊ दिवसांत बहुतेकांचं थांबतं. चिडचिड, आळस, अभ्यासात लक्ष न लागणं हे पण त्यातच आलं. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या मुख्य ग्रंथात, याची रीतसर नोंद आहे, त्यामुळे घरच्यांनी प्लीज "नाटकं करतोय" म्हणू नका.

आता मुळात सोडायचीच का? दिवसाला दोन कप पिताय, रात्री झोप छान लागतेय, पोटाची तक्रार नाही, तर माझं स्पष्ट मत आहे की उगाच सोडू नका. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी मोठ्या माणसासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं असं सांगितलंय, आणि कॉफी पिणाऱ्यांमध्ये टाइप २ डायबिटीस आणि लिव्हरचे आजार कमी आढळतात हेही बऱ्याच अभ्यासांत आलंय. पण गरोदर बाईसाठी मर्यादा २०० ची आहे. धडधड होते, घाबरल्यासारखं होतं, अ‍ॅसिडिटी आहे, झोपेचं खोबरं झालंय, अशांनी कमी करावीच. हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणासोबत कॉफी-चहा नको, लोह अंगी लागत नाही, तासभर तरी जाऊ द्या. आणि घरोघरी आई-काकूंची थायरॉइडची गोळी असते ना, ती उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यायची आणि निदान अर्धा तास, जमलं तर तासभर कॉफी घ्यायची नाही, नाहीतर गोळी नीट शोषलीच जात नाही. हे सांगणारं घरात कोणी नसतं म्हणून मुद्दाम लिहितेय.

आता चमचा. आपल्याकडे फेटलेली कॉफी करतात, मगमध्ये कॉफी, साखर, दोन थेंब पाणी आणि मग पांढुरकी होईपर्यंत खटाखट फेटत बसायचं. ती छान फुगावी म्हणून चमचा शीग लावून पडतो आणि आपण म्हणतो "एकच चमचा घातलाय". चहाचा सपाट चमचा म्हणजे इन्स्टंट कॉफी साधारण २ ग्रॅम, त्यात कॅफीन ६० मिलिग्रॅमच्या आसपास, शीग लावली की सहज दीडपट-दुप्पट. डब्यावर चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) किती टक्के आहे तेही वाचा, चिकोरीत कॅफीन नसतं, म्हणजे तेवढं कमी. चहाच्या कपात ३० ते ५० धरा. म्हणून कॉफी सोडून चार कप चहा सुरू केला तर ते सोडणं नाहीच.

दोन-तीन दिवस सगळं लिहून काढा, मग उतरायला लागा. पहिल्या आठवड्यात फक्त शीग काढा, कप तेवढेच राहू द्या. पुढच्या आठवड्यात दिवसाचा शेवटचा कप बंद, कारण झोपेची वाट तोच लावतो. कॅफीन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी ६ ची कॉफी रात्री ११ ला अर्धी अंगात असतेच, आणि मग पोरं म्हणतात झोप येत नाही तर अजून एक चॅप्टर करू, परत कॉफी, सकाळी डोळे उघडत नाहीत म्हणून परत कॉफी. हे चक्र तिथेच तुटतं. सकाळचा कप सगळ्यात शेवटी सोडायचा, आधी अर्धा चमचा करायचा, वाटलं तर डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी, मिसळायची.

डोकं दुखलं तर गोळी घेताना पाकीट उलटून वाचा, सॅरिडॉनसारख्या काही गोळ्यांत कॅफीनच असतं, म्हणजे दारातून घालवलं आणि खिडकीतून आलं. पाणी भरपूर प्या. पोट साफ व्हायला काही दिवस त्रास होऊ शकतो, कॉफीने आतड्यांना चालना मिळते ती थांबते, तर पपई, ताक, भाज्या वाढवा. परीक्षेच्या आठवड्यात मात्र हे सगळं सुरूच करू नका.

बाहेर पडल्यावर काय? सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री गेलात तर कढईतलं गरम दूध आहेच, साखर कमी सांगायची. लग्नात ती मशीनची फेसाळ एस्प्रेसो, वर चॉकलेट पावडर भुरभुरलेली, रात्री साडेदहाला आग्रहाने हातात देतात, तिथे "मावशी, मला रात्री झोप लागत नाही" एवढं सरळ सांगितलं की कोणी वाईट मानत नाही.

दहा-बारा दिवसांनंतरही डोकेदुखी थांबली नाही, किंवा कॉफी नसतानाही छातीत धडधडतंय, तर कॉफीच्या नावावर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा, बीपी मोजून घ्या.