कोकणच्या दमट हवेत कोल्हापुरी चप्पल कशी निवडावी आणि कशी टिकवावी

आंबा घाट किंवा गगनबावडा चढून कोल्हापूरला गेलेला कोकणी माणूस अंबाबाईचे दर्शन आटोपले की चप्पल लाईनमध्ये डोकावतोच. मात्र तेथून हौसेने आणलेला जोड रत्नागिरी-मालवणकडे दोन पावसाळेही काढत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. दोष बहुधा चपलेचा नसतो. ती कशी घडते हे ठाऊक नसल्यामुळे आपण ती चुकीची निवडतो आणि त्याहून चुकीची ठेवतो.

खरेदीपूर्वी थोडा इतिहास माहीत असावा. कोल्हापूर हे या धंद्याचे नाव आणि पेठ; कातडे कमावणारे आणि चपला शिवणारे हात मात्र आसपासच्या गावांतही पसरलेले आहेत. कापशी चप्पल तर कागल तालुक्यातील गावाचेच नाव मिरवते. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४ ते १९२२) या कारागिरीला दरबारचा आश्रय मिळाला. २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे आहे. त्यामुळे दुकानदाराला ‘खास कोल्हापूरचीच ना?’ असे विचारण्यात फारसा अर्थ नाही. कातडे कशात कमावले आणि चप्पल कशाने शिवली, हे विचारावे.

पारंपरिक पद्धतीत कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवतात. त्यांतील तुरट द्रव्य कातड्यात हळूहळू भिनते, म्हणून या कामाला आठवडे लागतात. अशा कातड्यावर रंगाचा जाड थर नसतो, ते घाम शोषते आणि वापराने पायाचा आकार घेते. पण घाम शोषणारे कातडे पाऊसही तितक्याच सहजतेने शोषणार, आणि आपली खरी अडचण येथेच आहे.

दुकानात चप्पल उलटी करून तळ पाहावा. कडेला कातड्याचे थर वेगवेगळे दिसले पाहिजेत आणि ते खिळ्यांनी नव्हे, तर चामड्याच्याच बारीक वादीने शिवलेले असावेत. अंगठ्यापाशी नाक नेऊन वास घ्यावा, यात संकोच नको: कमावलेल्या कातड्याचा वास तुरट, मातकट असतो, रेक्झिनचा तसा नसतो. पट्ट्यावरची वेणी आणि कान, म्हणजे तळाच्या दोन्ही कडांना असलेल्या चामड्याच्या पाकळ्या, नखाने ओढून पाहावेत. माप किंचित घट्टच घ्यावे, कारण पट्टा पुढे सैल होतो. गोंड्यांच्या सौंदर्याला मी तरी फारसे महत्त्व देत नाही. ते आधी तुटतात.

नवी चप्पल चावते. रात्री पट्ट्याच्या आतल्या बाजूला आणि अंगठ्याला एरंडेल चोळून ठेवावे आणि पहिला आठवडा ती घरातल्या घरात तासभरच वापरावी. आपल्याकडे खोबरेल हाताशी असते व तेही चालते, परंतु एरंडेल दाट असल्याने मला ते अधिक भरवशाचे वाटते. पुळणीवर जाताना ही चप्पल घालू नये. ओली, खारी वाळू शिवणीत शिरून वादी कुरतडते. जांभ्याची लाल धूळ मात्र कोरड्या फडक्याने पुसली की पुरते.

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा मृगाच्या आधीच चप्पल उचलून ठेवणे हा एकच मार्ग आहे. माझा पहिला जोड मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पडवीतल्या फळीवर ठेवला होता. गणपतीत पिशवी सोडली तेव्हा दोन्ही चपलांवर हिरवट-पांढरी बुरशी इतकी दाट होती की पट्ट्यावरची नक्षी दिसेना. आता मी चप्पल पुसून, तेलाचा हलका हात फिरवून, आत कागदाचे बोळे घालून जुन्या सुती कापडात गुंडाळतो आणि माजघरातल्या उंच, कोरड्या फळीवर ठेवतो. उघडीप मिळाली की तासभर वारा दाखवावा.

चुकून भिजलीच तर चुलीपाशी किंवा उन्हात ठेवू नये, कारण कातडे आखडून तडकते. कागद बदलत सावलीत आडवी वाळवावी, आणि पूर्ण वाळण्याआधी, किंचित ओल असतानाच, तेल लावावे.