चिनी जंक जहाजांची जकात: हिशेब हमखास चुकतो तो इथे

एकोणिसाव्या शतकातल्या चिनी व्यापारावर लिहायला बसलं की 1842 चा ब्रिटन-चीनमधला नानकिंग तह येतो, पाठोपाठ 'पाच टक्के जकात' येते, आणि तोच दर किनाऱ्यावरच्या सगळ्या मालाला लावून लेखक मोकळा होतो. घोळ तिथेच होतो.

एकाच बंदरात जकातीची दोन खाती असायची. शांघायला 1854 मध्ये सुरू झालेलं सागरी जकात खातं तहाच्या दराने कर घ्यायचं, पण परदेशी धाटणीच्या जहाजांकडून. जंक, म्हणजे चिनी धाटणीची शिडाची जहाजं, देशी जकात खात्याकडे जायची आणि तिथले दर नाक्यागणिक बदलायचे. म्हणून मालक चिनी की गोरा, यावरून खातं ठरवू नका. चायना मर्चंट्स कंपनीच्या आगबोटी चिनी मालकीच्या होत्या, तरी त्यांचा हिशेब सागरी खात्यात. उलट 1891 पासून यांगत्से नदीवरच्या यिचांग-चुंगकिंग मार्गावर परदेशी व्यापाऱ्याने भाड्याने घेतलेल्या जंकाला तहाचा दर लागे. शेजारी उभं असलेलं तसंच जंक चिनी व्यापाऱ्याचा माल नेत असेल, तर ते देशी नाक्यावर. वर वाटेत लिकिन, म्हणजे ताइपिंग बंडाच्या काळात सुरू झालेली मालावरची पट्टी.

मग जंकवाला कायम भरडलाच जायचा, असंही लिहू नका. हाँगकाँग आणि मकावच्या आसपास अनेकदा जंकाने नेलेल्या मालावरच जकात कमी बसे, आणि व्यापारी हिशेबाने पक्के. अफूची चोरटी नेआणही याच वाटेने चाले. त्यात मुंबईहून गेलेली माळव्याची अफूही असे.

तुमच्या तक्त्यात 1887 ला दक्षिणेतला व्यापार एकदम फुगलेला दिसतोय? 'भरभराट' लिहिण्याआधी थांबा. त्या वर्षी हाँगकाँगजवळच्या कौलून आणि मकावजवळच्या लाप्पा इथे सागरी खात्याची ठाणी बसली, आणि तोवर त्याच्या वह्यांत नसलेली जंक वाहतूक मोजली जाऊ लागली. 1901 च्या बॉक्सर करारानंतरही तसंच झालं: तह-बंदरांपासून (तहाने परदेशी व्यापाराला खुली झालेली बंदरं) 50 लीच्या (ली हे चिनी अंतराचं माप) आतले देशी नाके सागरी खात्याकडे आले.

जंक व्यापार खालावला याचं सगळं खापर जकातीवर फोडणंही घाईचं. उत्तरेकडच्या न्यूच्वांग बंदरातलं सोयाबीन वाहून नेणं हे जंकवाल्यांचं राखीव काम होतं. 1862 मध्ये ते परदेशी जहाजांना खुलं झालं आणि शांघायच्या जहाजमालकांची घडीच विस्कटली.

शेवटचं, त्या पाच टक्क्यांचं. 1858 च्या दरपत्रकात बऱ्याच मालावर वजनामागे ठरावीक चांदी घ्यायची होती. पुढे भाव चढले तरी आयातीचे आकडे 1902 पर्यंत तसेच राहिले, त्यामुळे प्रत्यक्ष बोजा पाचाच्या खाली घसरला. टक्केवारी द्यायचीच असेल तर माल आणि साल दोन्ही लिहा.