नाक उघडणारी बाटलीच नाक बंद करते तेव्हा

घोडबंदर रोडला आमचं मेडिकल आहे. समोर वर्षानुवर्षं मेट्रोचं काम, मागे नवे टॉवर, सकाळी पुसलेलं काउंटर दुपारी पुन्हा धुळीनं भरलेलं. त्यामुळे "ते नाकातलं द्या ना, छोटी बाटली" हे दिवसातून कितीदा तरी ऐकावं लागतं. एका नेहमीच्या काकांना तीच बाटली चौथ्यांदा देताना मी विचारलं, "किती दिवस टाकताय?" म्हणाले, "दिवाळीपासून." होळी आठवड्यावर आली होती. आधीच्या तिन्ही बाटल्या मीच दिल्या होत्या, काही न विचारता.

झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन हे थेंब नाकातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसवतात. काही मिनिटांत श्वास मोकळा. पण असर उतरला की वाहिन्या परत फुगतात, आणि रोज टाकत राहिलं तर आधीपेक्षा जास्त. सर्दी आठवड्याभरात निघून जाते. मागे उरतं ते औषधानंच आणलेलं चोंदणं. माणसाला वाटतं सर्दी हटत नाही, म्हणून तो अजून दोन थेंब टाकतो. म्हणूनच हे औषध 3 ते 5 दिवसांपुरतं. तेवढ्यात नाक उघडलं नाही, तर नवी बाटली घेऊ नका, डॉक्टरांना नाक दाखवा.

सवय लागलीच असेल तर? काकांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आधी एकाच नाकपुडीतले थेंब बंद करायला लावले. ती बाजू आपली आपण मोकळी व्हायला लागल्यावर दुसरी. जोडीला स्टेरॉइडचा स्प्रे. या स्प्रेचा गुण यायला काही दिवस लागतात, आणि लोक नेमके दुसऱ्याच दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून तो कपाटात टाकतात. काकांचे पहिले काही दिवस वाईट गेले, काकूंचे त्याहून. साध्या धुळीच्या त्रासाला सलाइनचे थेंब बरे, त्यांची सवय लागत नाही. पण "हे तर मिठाचं पाणीच की" म्हणून गिऱ्हाईक ते परत ठेवतं.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मी भांडायलाही तयार असते. मोठ्यांचं झायलोमेटाझोलिन 0.1 टक्के असतं, मुलांचं 0.05. मोठ्यांच्याच बाटलीतला "एकच थेंब टाकू" हा हिशेब करू नका. अगदी लहान बाळाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. त्याहून धोका बाटली तोंडात जाण्याचा. 2012 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, बजावलं होतं की असे नाकाचे किंवा डोळ्यांचे थेंब लहान मुलाच्या पोटात 1-2 मिली गेले तरी गंभीर त्रास होऊ शकतो: गुंगी, मंदावलेले ठोके, अडखळता श्वास. उलटी करवत बसू नका. बाटली सोबत घ्या आणि थेट हॉस्पिटल गाठा.

डोळ्यांची लाली घालवणारे थेंबही याच जातीचे. नॅफाझोलिन टाकलं की डोळा पांढरा दिसतो, लालीचं कारण जागच्या जागी राहतं, आणि रोज वापरलं तर लाली दुपटीनं परत येते. हळदीच्या फोटोंपुरतं ठीक. पण डोळा दुखतोय, धूसर दिसतंय, उजेड सहन होत नाही, अशा वेळी लाली झाकू नका. डोळे आले की फ्रिजमधली आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची बाटली काढणारी घरंही आहेत. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं, आणि काही संसर्गांत ते डोळ्याचं कायमचं नुकसान करू शकतं.

थेंब एकच पुरे, दुसरा गालावरच येतो. बाटलीचं टोक पापणीला लावू नका. कॉन्टॅक्ट लेन्स काढून मगच थेंब टाका, लेन्स 15 मिनिटांनी घाला. डोळ्यांची बाटली उघडली की खोक्यावर तारीख लिहा. बहुतेक बाटल्या महिन्याभरानं टाकायच्या असतात, तळाशी औषध उरलं असलं तरी. नाकाची बाटली घरातल्या एकाचीच.

आणि बीपी, हृदयाचा त्रास, थायरॉइड, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचं काही असेल तर बाटली मागतानाच सांगा. संध्याकाळच्या गर्दीत आम्ही विचारायचं विसरतो.