सार्वजनिक चित्रपट प्रदर्शन : नागपुरातील आयोजकांसाठी सुरक्षेची तयारी

सभागृह निवडताना पडदा आणि ध्वनियंत्रणा नंतर पाहावी. आधी बाहेर पडण्याचे दरवाजे स्वतः उघडून पाहावेत. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरच्या आगीचा धूर बाल्कनीपर्यंत पोहोचला, जादा खुर्च्यांनी वाट अडवली होती आणि ५९ प्रेक्षक दगावले, त्यातील बहुतेक गुदमरून. त्यामुळे दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे आणि खेळ सुरू असताना त्याला कडी-कुलूप नसावे. विनातिकीट लोक शिरतात ही सबब ऐकून घेऊ नये, त्यासाठी दाराशी माणूस उभा करावा.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा ऐनवेळी भाड्याचे कूलर येतात आणि नेमके मधल्या वाटेत किंवा दारासमोर मांडले जातात. ते खिडकीपाशी ठेवावेत. कूलर आणि प्रोजेक्टर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर जोडू नयेत, आणि वायर हाताला गरम लागली तर भार लगेच कमी करावा.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैत द्यावे लागते. सभागृहचालकाकडे ते मागावे. प्रोजेक्टरजवळ कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक ठेवावे, विजेच्या आगीवर पाणी मारू नये. दिवे गेले तरी बाहेरची वाट दाखवणाऱ्या पाट्या बॅटरीवर उजळतात का, हे प्रेक्षक येण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून तपासावे.